हेनुतसाठी बेचाळीस उत्तरं

पेरणीचा दुसरा महिना, दिवस ११

चाळीस पोरं एका सुरात. तो आवाज आज पहाटे पुन्हा ऐकू आला. देवळामागची शाळा, खाली ताडाची चटई, मांडीवर पाटी, आणि आमचा तो हेल — ‘उत्तरेचा वारा नावेला उलट्या धारेवर नेतो, माणसाला उलट्या धारेवर कोण नेईल...’ अर्थ कुणाला कळत होता? हेल तेवढा कळायचा. साठ वर्षं झाली, ती कविता अजून झोपेतही म्हणता येते.

उठलो तर घर रिकामं. बायकोला, हेनुतला, जाऊन आज पन्नास दिवस. ती तिकडे नदीकाठच्या मांडवात, देह टिकावा म्हणून खारात निजली आहे. सत्तराव्या दिवशी तिला थडग्यात ठेवायचं. तोवर तिच्यासोबत ठेवायची मंत्रांची गुंडाळी लिहून पुरी व्हायला हवी.

दिवस १४

मजकुराचे दोन स्तंभ लिहून झाले. डोळ्यांवर दुधासारखी साय. दुपारचं ऊन थेट कागदावर पडेल तेवढाच वेळ दिसतं.

चाळीस वर्षं मेलेल्यांच्या गुंडाळ्या लिहून पोट भरलं. फुरसतीत लिहून ठेवायच्या, नावाची जागा कोरी सोडायची. गिऱ्हाईक आलं की नाव भरायचं. हेनुतच्या गुंडाळीत कोरी जागा नको. पहिल्या ओळीपासून तिचंच नाव. हे मी लग्नाच्या साली मनाशी ठरवलं होतं. तिला मात्र कधी बोललो नाही.

मुलगी डाळ आणि कांदे घेऊन आली. म्हणाली, “बाबा, आज किती झालं?”

“होतंय.”

“होतंय म्हणजे? मघाशी गल्लीतून येताना तुमचं ते नावेचं गाणं ऐकू येत होतं. बोरू हातात होता की नुसतंच गाणं?”

तेन्तोपेत आईवर गेली आहे. मी डाळ खाल्ली.

दिवस १५

वारा. वाळू. काही लिहिलं नाही.

दिवस २०

आता मुख्य भाग — मेल्यावरच्या न्यायाचा तराजू. एका पारड्यात मेलेल्याचं काळीज, दुसऱ्यात सत्याचं पीस. समोर बेचाळीस न्यायाधीश. प्रत्येकाचं नाव घेऊन सांगायचं, मी हे केलं नाही, मी ते केलं नाही. गुंडाळी जवळ असली की मेलेला अडखळत नाही. हेनुत तर जिवंतपणीही चार माणसांत बोलताना अडखळायची. घरात मात्र नाही! घरात मीच अडखळायचो.

दिवस २३

हे लिहायला हात धजत नाही.

दुपारी बाविसाव्या न्यायाधीशापाशी होतो. ऊन उबदार होतं, डोळा लागला असावा. हात चालतच होता. जागा झालो, कागद उन्हात धरला — तेविसाव्या, चोविसाव्या, पंचविसाव्या न्यायाधीशाच्या जागी शाळेतली कविता. उत्तरेचा वारा, नाव, उलटी धार. अक्षर मात्र सुरेख. इतकं सुरेख अक्षर महिन्यात आलं नव्हतं.

दिवस २४

ओल्या चिंधीने शाई पुसायला गेलो. कागद जुना, आधी एकदा पुसलेला. बोट आरपार गेलं. भोक नेमकं तिच्या नावावर.

नवा पपायरसचा कागद देवळाच्या कोठारात. कोठाराला उत्सवाचं सील, ते आठ दिवस उघडणार नाही.

शेजारचा कुंभार मेनना सांजवेळी बिअर घेऊन आला. भोक बघून आधी हसला, मग माझं तोंड बघून थांबला.

“गुरुजी, वहिनी देवापुढे उभ्या राहून ही कविताच म्हणणार होत्या की काय?”

“थट्टा नको, मेनना.”

“थट्टा कसली. लग्नापासून ऐकत होत्या बिचाऱ्या, पाठ असणारच.” मग हळू आवाजात, “तुमच्या पेटीत एक तयार गुंडाळी आहे ना? नाव घाला आणि मोकळे व्हा. सगळं गाव त्यावरच पलीकडे गेलं, कुणी परत येऊन तक्रार केलीय?”

दिवस २६

कुणी परत आलं नाही, हे खरं. पण त्या गुंडाळीत काय आहे ते मला ठाऊक आहे.

आज पेटी उघडून मोजले. एकतीस न्यायाधीश. अकरा मी गाळले होते. संध्याकाळ झाली असेल, कंबर दुखत असेल, मनात म्हटलं असेल, थडग्यात कोण वाचतंय. अशा किती लिहिल्या? किती माणसं एकतिसाव्यापाशी तोंड उघडं ठेवून उभी राहिली असतील? सुताराची म्हातारी आई. मेननाचा थोरला भाऊ. रोज वाटेत भेटून विचारपूस करणारी माणसं होती ती.

मेननाला हे सांगणार नाही. सांगण्याचं बळ नाही.

दिवस २८

तेन्तोपेत म्हणाली, “बाबा, उद्या मांडवातला माणूस गुंडाळी न्यायला येतोय. आईला गुंडाळायच्या पट्ट्यांच्या आत ठेवायची असते. झाली ना?”

“झाली.”

माझ्याकडे बघत राहिली. जाताना माझी चादर नीट केली.

ती गेल्यावर तयार गुंडाळीत नाव भरलं. हेनुत. हेनुत. हेनुत. एकोणीस कोऱ्या जागा. अकरा न्यायाधीश समासात घुसवायला बघितले, चार बसले. बाकी सात जणांपुढे ती काय बोलेल? थकलो. हेनुत, माफ कर असं लिहायलाही जागा उरली नाही.

दिवस २९

सकाळी दार वाजलं. मांडवातला माणूस समजून गुंडाळी हातात घेऊनच उघडलं. पण दारात पूर्वतीरावरचा एक अनोळखी लेखक होता. पायाला नदीचा चिखल, काखेत कापडात बांधलेली जाड गुंडाळी. मी सोडून पाहिली. पहिल्या ओळीपासून हेनुतचं नाव. न्यायाधीश मोजले. बेचाळीस.

“तीन वर्षं झाली लिहून,” तो म्हणाला. “हेनुतबाईंनी बजावलं होतं, मी गेल्यावर अडुसष्टावा दिवस उजाडण्याआधी नेऊ नका. तोवर आमच्या ह्यांना लिहू द्या. आणि त्यांची गुंडाळी पुरी झाली असेल तर काही न बोलता परत फिरा.”

मग माझ्या हातातल्या गुंडाळीकडे बघून त्याने विचारलं, “पुरी झालीय का, गुरुजी?”