स्थानिक की बाहेरगावची

मंगळवार, ६ जानेवारी २०२६

दुरुस्ती. परवा मी इथे लिहिलं की वाचनालयात जाऊन कार्डाची चौकशी केली. ते बरोबर नाही. मी वाचनालयाच्या फाटकापर्यंत गेले, फाटकावरचा बोर्ड पूर्ण वाचला आणि परत आले. बोर्डावर वेळा लिहिलेल्या आहेत, त्यामुळे चौकशीचा काही भाग झाला असं म्हणता येईल, पण ‘चौकशी केली’ हे जरा जास्त होतं. स्वतःच्या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरलेलं आहे.

आज मात्र आत गेले. खरोखर.

फॉर्म एक पानी. नाव, पत्ता, ओळख देणाऱ्या सभासदाची सही. आणि मधोमध एक ओळ: स्थानिक रहिवासी / बाहेरगावचे, लागू नसेल ते खोडा. स्थानिकाला अभ्यासिकेत खुर्ची मिळते. बाहेरगावच्याला फक्त घरी न्यायला पुस्तक. खुर्च्या चाळीस, त्यातल्या चार रिकाम्या.

मला खुर्ची हवी आहे. बाबांचं म्हणणं स्पष्ट आहे: जानेवारीअखेर अभ्यासिकेत जागा मिळाली तर परीक्षेपर्यंत बुलढाण्यात वंदनामावशीकडे राहायचं, नाहीतर जानेफळला येऊन घरी अभ्यास करायचा. घरी अभ्यास म्हणजे काय ते मला माहीत आहे. दर रविवारी पाहुणे, आणि साडी नेसून पोह्यांचा ट्रे.

ग्रंथपाल दयारामकाका म्हणाले, स्थानिक लिहा, मावशीचं लाईट बिल जोडा. मी विचारलं, किती दिवस राहिलं म्हणजे स्थानिक? त्यांनी चष्मा काढला.

“ताई, रात्री झोपता कुठं?”

बुलढाण्यात, म्हटलं.

“मंग झालं की.”

पण असं कसं होईल? घरी येऊन मोजलं. तीन नोव्हेंबरपासून कालपर्यंत चौसष्ट रात्री. बुलढाण्यात सत्तेचाळीस, जानेफळला सतरा. आधार जानेफळचं, रेशनकार्ड जानेफळचं, मतदान जानेफळला. कपडे मात्र बुलढाण्यात वाळतात. निर्णय होत नाही. उद्या होईल.

गुरुवार, ८ जानेवारी

काल झाला नाही.

मावशीच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मावशीच्या सासूबाई झुंबरबाई आणि टीव्ही. दोघांना एकमेकांचं नीट ऐकू येत नाही, म्हणून दोघांचा आवाज मोठा. मी आत सिलेंडरच्या शेजारी चटईवर. आज पंचायत राज हे प्रकरण वाचलं आणि मालिकेतल्या सुनेचा गर्भपात कोणी घडवून आणला तेही कळलं.

दुपारी झुंबरबाईंनी विचारलं, “काऊन वं, एका कार्डाले इतके दिवस लागते? आमच्या म्हशीचा दाखला दोन दिवसात भेटला होता.”

मी म्हटलं, म्हशीला रहिवासी लिहावं लागत नाही. त्या म्हणाल्या, लागते, पण म्हैस इतका विचार नाही करत.

उद्या बरोबर अकरा वाजता.

शुक्रवार, ९ जानेवारी

अकरा वाजून पाच मिनिटांनी पोहोचले. काउंटरवर गर्दी होती. दोघंजण. रांग म्हणावी तर नव्हती, त्यामुळे कुठे उभं राहावं ते ठरेना.

पण एक काम झालं. रेवती भेटली. ही सोनाळ्याची, इथे खोली करून राहते, माझ्यासारखीच परीक्षा देणार आहे. तिच्याकडे कार्ड आहे आणि खिडकीजवळची खुर्चीसुद्धा. ओळख देणारी सभासद म्हणून सही देशील का, असं मी कसंबसं विचारलं, तर लगेच म्हणाली, फॉर्म आण, आत्ता देतो. फॉर्म घरी होता.

तिला सहज विचारलं, तू काय खोडलंस? ‘बाहेरगावचे’ खोडलं म्हणाली. बुलढाण्यात येऊन तेव्हा तिला किती दिवस झाले होते? एकवीस. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. मला तिच्यासाठी थोडं वाटलं.

शनिवार, १० जानेवारी

मार्ग सापडला. ग्रंथपालांना पत्र लिहायचं. सगळी वस्तुस्थिती मांडायची आणि ठरवायचं त्यांच्यावर सोडायचं. म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की हिने लपवून खुर्ची घेतली.

बाबा ग्रामपंचायतीत लिपिक. मी लहानपणी सारखी आजारी असायची, म्हणून चौथीपर्यंत त्यांनीच घरी शिकवलं. बाकीची मुलं बाराखडी गिरवायची तेव्हा मी ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ गिरवत होते. पत्र लिहायला मला अडचण येत नाही.

संध्याकाळपर्यंत तीन पानं.

सोमवार, १२ जानेवारी. दुपारी १

चार पानं झाली. पहिल्यावर पार्श्वभूमी, दुसऱ्यावर रात्रींचा तक्ता, तिसऱ्यावर तुलनेसाठी एक उदाहरण, चौथ्यावर विनंती. सोबत अर्धा भरलेला फॉर्म आणि मावशीचं लाईट बिल.

दिलं. दयारामकाकांनी पहिलं पान वाचलं आणि म्हणाले, ताई हे राहू द्या, याची काही गरज नाही, फॉर्म तेवढा भरा. मी म्हटलं, नाही काका, घ्या. आणि पोच द्या. पोच घेतल्याशिवाय कुठेही कागद सोडायचा नाही, हे मला अ आ इ ईच्या आधी शिकवलेलं आहे.

त्यांनी शिक्का शोधला. शाईचं पॅड वाळलेलं होतं, त्यावर बाटलीतलं पाणी टाकलं. नोंदवहीत लिहिलं. आवक क्रमांक ७. या वर्षातलं सातवं पत्र माझं.

परत येताना फार हलकं वाटलं. आज पहिल्यांदा काहीतरी पूर्ण झालं.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. घरात हळदीकुंकू. सिलेंडरच्या शेजारी वाणाचे डबे ठेवले, म्हणून मी बाथरूमच्या पायरीवर. अभ्यास: अर्धं पान. खुर्च्या शिल्लक: दोन (रेवतीचा मेसेज). पत्राचं उत्तर यायला दोन दिवस जास्त नाहीत. घाई दाखवली तर वाईट दिसेल.

शुक्रवार, १६ जानेवारी

विचारायला गेले.

दयारामकाका चांगले आहेत. ते रागावले नाहीत, त्यानेच जास्त वाईट वाटलं.

“ताई, तुम्ही हा कागद नसता दिला ना, तर तुमचं कार्ड त्याच दिवशी झालं असतं. आता आवकला चढला. आता मले हात लावता येत नाही. मंडळासमोर ठेवा लागते.”

वाचनालयाचं कार्यकारी मंडळ रविवारी बसणार आहे.

मी म्हटलं, मग कागद परत घेते. ते म्हणाले, सात नंबर परत घेतला तर आठ आहे ना वहीत, सात कुठं गेला म्हणून विचारतील. हे मला पटलं. बाबांनीही हेच सांगितलं असतं.

मग त्यांनी तिसरं पान उघडलं आणि उदाहरणावर बोट ठेवून विचारलं, ही रेवतीच ना?

मी रेवतीचं नाव लिहिलेलं नव्हतं. फक्त ‘माझ्या परिचयातील सोनाळा येथील एक विद्यार्थिनी, वास्तव्य एकवीस दिवस’ एवढंच होतं. आणि खुर्चीचा नंबर. उदाहरण मोघम राहू नये म्हणून.

ती तक्रार नव्हती. मी तिथे स्पष्ट लिहिलं आहे की ही तक्रार समजू नये.

रविवार, १८ जानेवारी

मंडळ बसलं असेल. मला जेवण गेलं नाही. मावशी म्हणाली, परीक्षेचं टेन्शन दिसतंय. मी नाही म्हटलं नाही.

सोमवार, १९ जानेवारी

मंडळाने सकाळी रेवतीला बोलावून राहण्याचा पुरावा मागितला. ती घरमालकिणीकडे गेली, मालकीण लग्नाला गेलेली, तिच्यामागे धाड गावाला गेली, पत्र घेऊन तीनपर्यंत परत आली. खुर्ची राहिली. म्हणजे तसं नुकसान काही झालं नाही, एका दिवसाच्या अभ्यासाशिवाय.

फाटकापाशी मला थांबवलं.

“तुले जागा भेटली असती तर मले आनंदच होता. पण माह्यी खुर्ची काऊन मोजली तू?”

मी म्हटलं, मी तुला सगळं सविस्तर लिहून देते.

ती हसली, पण मैत्रिणीसारखी नाही. “नको माय. तू आता काई लिहू नको.”

मंगळवार, २० जानेवारी

मंजूर!

मंडळाचं पत्र आलं, जावक क्रमांकासह. विशेष बाब म्हणून मला स्थानिक समजण्यास हरकत नाही. लाईट बिल जोडून घेतलं आहे. एक खुर्ची माझ्यासाठी शनिवार, २४ तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत राखून ठेवली आहे. फॉर्म काउंटरवरच्या फाइलमध्ये आहे. आता तीन गोष्टी उरल्या: ‘बाहेरगावचे’ खोडणं, माझी सही, ओळख देणाऱ्या सभासदाची सही.

मंडळाचे अध्यक्ष महादेवराव यांनी माझं अक्षर सुंदर आहे असं म्हटलं, हे दयारामकाकांनी सांगितलं. पत्र दिल्याचा काहीच फायदा झाला नाही असं म्हणता येणार नाही.

बाबांचा फोन. मंजूर झालं, म्हणून सांगितलं. ते खरं आहे. ते म्हणाले, शाब्बास, कागद असला की काम होतं.

बुधवार, २१ जानेवारी

सभासद म्हणून माझ्या ओळखीची एकटी रेवती.

तिची सही मागायची तर आधी माफी मागायला हवी. पण माफी मागितल्यावर लगेच सही मागितली, तर माफी सहीसाठी होती असं होईल. म्हणजे माफी मागायची, मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे आणि मग सही मागायची. किती दिवस? निदान आठवडा. शनिवारला तीन दिवस आहेत.

आधी सही मागून मग माफी मागावी का? छे.

गुरुवार, २२ जानेवारी

मावशीने सुचवलं की दयारामकाका स्वतःच कुणा सभासदाची सही मिळवून देतील, त्यांना सांग. मी म्हटलं, ज्याची माझी ओळख नाही त्याने ओळख कशी द्यायची? मावशी पोळी लाटता लाटता थांबली आणि परत लाटायला लागली.

झुंबरबाई म्हणाल्या, “तिच्या घरी जाय, चहा पी, चुकलं म्हन. ते काय तुले खाते काय?”

बरोबर आहे. उद्या जाणार. काय बोलायचं ते सहा ओळींत काढून ठेवलं आहे. लिहून देणार नाही, फक्त पाठ करणार.

शुक्रवार, २३ जानेवारी

पाठ झालं. रेवतीच्या खोलीला कुलूप. अर्थात मी गेले तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि ती त्या वेळी अभ्यासिकेत असते, हे मला माहीत होतं. पण प्रयत्न केला.

शनिवार, २४ जानेवारी. संध्याकाळी ६

काय झालं ते क्रमाने लिहिते.

चार दहाला वाचनालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी पोहोचले. खोडणं आणि माझी सही, या दोन गोष्टी तरी उरकायच्या होत्या, आणि पाच वाजायला भरपूर वेळ होता. साडेचारला उघड्या दारातून रेवती काउंटरशी आलेली दिसली. दयारामकाकांशी काही बोलत होती. तिच्यासमोर जाऊन फाइल मागायची म्हणजे तिला सहीसाठी अडवल्यासारखं झालं असतं. ती अभ्यासिकेत परत गेली की जायचं ठरवलं.

ती गेली नाही. काउंटरलाच टेकून उभी राहिली. मधून मधून रस्त्याकडे बघत होती. मी दुकानाच्या आत सरकले. दुकानदाराने विचारलं काय काढायचंय, म्हणून माझ्या आधारच्या दोन झेरॉक्स काढल्या.

पाच वाजले. पाच दहालाही ती तिथेच होती. मग दयारामकाकांनी फाइल कपाटात ठेवली.

मुदत पाचपर्यंत होती. त्यानंतर आत जाणं नियमाला धरून झालं नसतं.

रविवार, २५ जानेवारी

बाबा आले. कपडे, पुस्तकं, चटई. मावशीने शिदोरी दिली. झुंबरबाईंनी टीव्ही बंद केला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तीन महिन्यांत टीव्ही बंद झालेला मी पहिल्यांदा पाहिला. घरात इतकी शांतता असते हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवार, २८ जानेवारी. जानेफळ

मावशीचा फोन होता. दयारामकाकांनी तिला निरोप दिला की सुचिताताईंचा फॉर्म पडून आहे, कोणीतरी घेऊन जा.

रेवतीने शनिवारी साडेचारला त्यावर सही केली होती. कोणी सांगितलं नव्हतं, तिनेच फाइल मागून घेतली. मग सुचिता येते का म्हणून थांबली. काकांनी तिच्या म्हणण्यावरून पाच पंधरापर्यंत फाइल उघडी ठेवली. फक्त एक शब्द खोडायचा आणि माझी सही राहिली होती. खुर्ची काल दुसऱ्या मुलीला दिली.

मावशीने हे सांगितलं तेव्हा मी शेंगा फोडत होते. त्यानंतरही फोडत राहिले. सगळ्या फोडून झाल्या.

एक गोष्ट मात्र आता निर्विवाद आहे. मी बाहेरगावची. त्यात शंकेला जागाच नाही, रात्री मोजायची गरज नाही. नवीन फॉर्म भरताना ‘स्थानिक रहिवासी’ सरळ खोडता येईल. अभ्यासिका नाही तर नाही, पुस्तकं घरी आणता येतील. पोहे करता करता वाचता येतं.

आणि रेवतीने सही केली, म्हणजे ती रागावलेली नव्हती. त्यामुळे माफीची तशी घाई नाही. तरी मागायची आहेच. समोर उभं राहून, हातात कागद न घेता. फोनवर नाही, फोनवर ते बरं दिसत नाही.

रविवारी मेहकरचे पाहुणे येणार आहेत. सोमवारी त्यांचा निरोप यायचा आहे, तेव्हा घरात असावं असं बाबा म्हणतात. म्हणून सोमवार सोडून. सकाळची सव्वासातची बुलढाणा गाडी. मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६.