आर्गिरोची भाकर

२६ फेब्रुवारी, रविवार
उद्यापासून ईस्टरआधीचा मोठा उपवास. संध्याकाळी चर्चमध्ये रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांची माफी मागितली. मीही मागितली — बेकरीवाल्याची, त्याच्या बायकोची, ज्यांचं मी कधी काही बिघडवलं नाही अशा पंधरा-वीस जणांची. स्वस्तातली माफी! शेजारची आर्गिरो आली नव्हती. अर्धांगाचा झटका आलाय, कालच हॉस्पिटलमधून घरी आणलं. उजवा हात लुळा.
आली नाही ते बरंच झालं. तिची माफी मागायला माझी जीभ वळली नसती.

२७ फेब्रुवारी
आमचे पाद्री, पापा-स्तेर्योस, सकाळीच फाटकाशी उभे.
"पोलिक्सेनीबाई, आर्गिरोला मागेपुढे कोणी नाही. तुमच्या दोघींच्या चुलींमध्ये एक कुंपण तेवढं आहे."
"आणि एक आक्रोड," मी म्हटलं.
"आक्रोड आता नाही, बाई."
तेच तर! देस्पिनाचा, माझ्या लेकीचा जन्म झाला त्या वर्षी माझ्या नवऱ्याने, थीमियोसने लावलेलं झाड. एकोणीस वर्षांपूर्वी आर्गिरोने तोडवलं. का, तर मुळं तिच्या अंगणातल्या फरश्या उचलतात! तेव्हापासून एक शब्द नाही. सात वर्षांपूर्वी माझा थीमियोस गेला, तर मयतीलाही आली नाही. पंचवीस पावलांवरून!
पण मी "जाईन" म्हणाले. उपवासाच्या पहिल्याच दिवशी पाद्र्याला नाही कसं म्हणायचं?

१ मार्च
शेंगदाण्यांएवढ्या पांढऱ्या बीन्सचं सूप नेलं. चमच्याने भरवलं. बोलणं अडखळतं, पण टोचायचं विसरलेली नाही.
"मीठ — कमी."
सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

२ मार्च
आज मीठ मूठभर जास्त घातलं. मुद्दाम. तिने मुकाट्याने सगळं संपवलं, वर दोन पेले पाणी प्यायली. घरी येऊन माझीच मला लाज वाटली.

४ मार्च, शनिवार
आज मृतांचा शनिवार. वेदीची भाकर भाजून नेली, सोबत नावांचा कागद. एका बाजूला जिवंत, दुसऱ्या बाजूला गेलेले. पापा-स्तेर्योस वेदीपाशी एकेक नाव हळू आवाजात वाचतात आणि प्रत्येक नावाला भाकरीचा एक कण काढतात. ज्याच्यावर जीव, त्याचं नाव कागदावर.
माझ्या कागदावर एकेकाळी आर्गिरोही होती. झाड पडलं त्या संध्याकाळी खोडली. इतक्या रागाने, की कागद फाटला. ते भोक अजून आहे.

१३ मार्च
तिला आंघोळ घातली. "पाणी गार." ओतलं गरम. "भाजलं!" मग साबण डोळ्यात. पाठीचा मणका न मणका मोजता येतो.
देवा, शेजाऱ्यावर प्रेम कर म्हणालास. तो आवडलाही पाहिजे असं म्हणाला नाहीस, एवढं बरं केलंस.

२५ मार्च
सणाचा दिवस, उपवास असूनही आज मासा चालतो. कॉड तळला, लसणाची चटणी वाटली, तिच्याकडे नेलं. काटे काढता काढता विचारलंच — "थीमियोसच्या मयतीला का आली नाहीस?"
ती बराच वेळ शब्द जुळवत राहिली.
"तू म्हणालीस — दारात पाय ठेवलास — तर तंगडी मोडीन."
म्हणाले होते खरं! झाडाच्या दिवशी, सगळ्या आळीसमोर. पण ते बारा वर्षं धरून बसायचं?
"खिडकीतून — पाहिलं," ती म्हणाली. "सगळं. शेवटपर्यंत."
मी काटे काढत राहिले. दुसरं काय करणार होते?

३० मार्च
देस्पिनाचा फोन. दरवर्षी ईस्टरला मी तिच्याकडे वोलोसला जाते, याही वर्षी सगळे वाट बघतायत. मिर्तो चार वर्षांची झाली. फोन ओढून घेऊन म्हणाली, "आजी, तुझं लाल अंडं मीच फोडणार हं!"
आर्गिरोकडे अधूनमधून येणारी सरकारी नर्स सणाच्या आठवड्यात येत नाही. पापा-स्तेर्योस म्हणतात, "तुम्ही जा, बघू काहीतरी." काय बघणार? गावात उरलोय किती जण!

२ एप्रिल
जात नाही म्हणून कळवलं. देस्पिना भांडली असती तर बरं होतं. नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी आर्गिरोकडची भांडी जरा आपटूनच घासली. एका मिर्तोच्या बदल्यात ही बाई! फार राग आलाय.

७ एप्रिल
ती म्हणते, उद्या लाझारसचा शनिवार, मला वेदीची भाकर करायचीय.
"अगं, कुठल्या हाताने?"
डावा वर केला.
मग काय! तिचा डावा, माझे दोन. तीन हातांनी कणीक मळली. त्यात तिचा हुकूम — "जोरात! — पीठ आहे — मांजर नाही!" वर लाकडी ठसा दाबायचा तो तिने दाबला, तिच्या हातावर माझा हात. उचलून बघतो तर वाकडा.
"वाकडा," ती म्हणाली. "तुझ्यामुळे."
आणि हसलो. दोघी! मला वाटतं आम्हाला दोघींना हसण्याचीच भीती वाटली, लगेच गप्प झालो.
निघताना तिने देवाच्या तसबिरीमागून घडी घातलेला कागद काढून दिला. "भाकरीबरोबर दे."

८ एप्रिल, शनिवार
दुसऱ्याचा कागद उघडू नये. वाटेत उघडला.
जिवंतांत पहिलं नाव पोलिक्सेनी. शाई इतकी जुनी, की तांबूस झालीय. दुसरं थीमियोस, हलकेच एक रेघ मारून खोडलेलं. उलटून पाहिलं, तर गेलेल्यांत शेवटचं नाव त्याचंच. तिसरं देस्पिना. सगळ्यात खाली, निळ्या शाईत, मिर्तो. तिला हे नाव कोणी सांगितलं? मी फोनवर हाका मारते, तेवढंच कुंपणापलीकडून ऐकलं असणार.
इतकी वर्षं पापा-स्तेर्योस ही नावं वाचत आलेत. त्यांनी कागद घेतला, माझ्याकडे बघितलं नाही.
माझ्या कागदावर ती खोडलेलीच होती. आज सकाळपर्यंत.