नळीचा दोष

साखरखेर्डा,
८ फेब्रुवारी २०२५

चि. शेखर,

ताईचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. तू खुशाल असशीलच. नसतास तर कळवायला तोंड आहे तुला.

हे पत्र तुला पाठवायच्या खारोड्यांच्या डब्यात तळाशी ठेवतेय. फोनवर बोलता येत नाही. तुला फोन लावला की आबा जवळ येऊन बसतात. बोलत काहीच नाहीत, पण कान इकडेच. म्हणून लिहायला बसले.

शेडनेटमध्ये काकडी काढून यंदा बियाणं कंपनीसाठी खरबुजाचं बियाणं घेतलंय. वेली दोऱ्यांवर छान चढल्यात, फुलाफुलाला हातानं पराग लावायचं क्रॉसिंग जवळपास उरकलं. उंदीर आणि घुशी मात्र मातल्यात. मागच्या वर्षी आपला मोती कुत्रा विष खाऊन गेल्यापासून उंदरांची गोळी मी शेतात येऊ देत नाही, त्यामुळे भिस्त आबांच्या बंदुकीवर. आबांची तब्येत चांगली आहे. जेवण व्यवस्थित. चहाचा कप तेवढा दोनदा ओट्याच्या कडेबाहेर ठेवला गेला नि फुटला.

आता भांडण. दसऱ्याला ज्या बंदुकीला आबांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, तीच तू दिवाळीत कापलीस. कबूल, छऱ्याची बंदूक, उंदरांवर चालवायची, तिला लायसन लागत नाही की काही नाही. पण विचारायचं तरी! आबा जेवून आडवे झाले आणि तू देऊळगाव राजाला जाऊन नळी वीतभर कापून, लेथवर तिचं तोंड साफ करून, नेम धरायची माशी पुन्हा बसवून दिवेलागणीला हजर. वर म्हणतोस, "दोऱ्यांना अडकत होती ना आबा, आता नाही अडकायची." टूलरूममध्ये नोकरी आहे म्हणून घरात लोखंड दिसलं की कापायचंच का रे?

आबांनी तेव्हा बंदूक नुसती खुंटीला अडकवली. तू पुण्याला गेलास आणि पहिल्याच संध्याकाळी घूस समोरून निवांत गेली, छर्रा भलतीकडेच. तेव्हापासून एकच पालुपद. "नळीच कापली त् छऱ्यात जोर कुठून राहीन? पोट्ट्यानं मारून टाकली बंदूक." कंपनीचा माणूस प्लॉट बघायला आला, त्यालाही हेच ऐकवलं. तुलाही फोनवर ऐकवलं. तू म्हणालास कापल्यानं काही फरक पडत नाही, आणि फोन ठेवलास. झालं! तुमची दोघांची तोंडं दोन दिशांना आणि मध्ये मी. आई असती तर तिनं दोघांचेही कान धरले असते. मला तेवढा अधिकार कोणी दिलेला नाही, कामं मात्र सगळी दिलीत.

आणि आबांचं मला खरंच वाटत होतं. बंदूक भरायला जड झालीय, हे तर माझ्या हातालाच कळतं. नळी खाली मोडूनच ती भरायची, दांडा आखूड झाला की जोर जास्त लागणार. आबांचा हात भरून येत असेल, म्हणून नेम हलत असेल, असं मी धरून चालले. मग मीच भरून त्यांच्या हातात द्यायला लागले. तरी छर्रा जायचा तिकडेच.

गेल्या आठवड्यात काय झालं ते सांगते. सांगणार नव्हते.

क्रॉस केलेल्या फळाला आपण लाल धागा बांधतो, हे तुला माहीत आहे. बिनधाग्याचं फळ आपोआप धरलेलं, ते तोडून फेकायचं, नाहीतर बियाण्यात भेसळ. हे काम आबा इतकी वर्षं एकटे करतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. त्या दिवशी मी नेटमध्ये गेले तर बांधावर फळांचा ढीग, आणि ढिगात लाल धागेच धागे. वेलींवर राहिली होती ती बिनधाग्याची. एक अख्खी ओळ, शेखर. बायांनी उन्हात माना मोडून केलेलं क्रॉसिंग.

आबा म्हणाले, "उंदरानं कुरतडले असतीन धागे. मले काऊन इचारतं?"

क्रॉसिंगला येणाऱ्या बेबीताई माझ्यामागे उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "रागावू नका ताई, पण आबाले धागा दिसूनच नाही राह्यला. चार दिस झाले, आमी पाहून राह्यलो." मी त्यांच्यावरच ओरडले. नेटमधल्या सगळ्या बायांसमोर ओरडले. संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखा माझ्यासाठी टोपलीखाली पालक झाकून ठेवला होता, तो घ्यायला माझा हात पुढे होईना.

तरी मला नळीचाच दोष हवा होता. म्हणून परवा आबांना आणि बंदुकीला घेऊन देऊळगाव राजाला हिंमतरावांकडे गेले. ते पोरांना नेमबाजी शिकवतात, छऱ्याचा वेग मोजायचं यंत्र आहे त्यांच्याकडे, आणि आपल्यासारखीच बंदूक, न कापलेली. त्यांनी दोन्ही चालवल्या. वेग सारखाच. एकदोनदा तर आपल्या आखूड नळीचाच थोडा जास्त. ते म्हणाले, या बंदुकीत स्प्रिंगनं दाबलेली हवा छऱ्याला सुरुवातीलाच काय ढकलायचं ते ढकलते, पुढची नळी नुसती घासते. मग आपल्या बंदुकीनं त्यांनी कागदावर छर्रे मारले. सगळे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील असे.

तू बरोबर होतास. हे लिहिताना मला किती राग येतोय, सांगता येत नाही.

मग हिंमतरावांनी बंदूक आबांच्या हातात दिली. आबांनी खांद्याला लावली. किती तरी वेळ धरून ठेवली. आणि मान न वळवता विचारलं, "कागद लावला का नाही अजून?"

कागद समोरच होता. पांढराशुभ्र, मधोमध काळा गोल.

हिंमतराव माझ्याकडे बघायला लागले. मग आबांजवळ जाऊन म्हणाले, "राहू द्या आबा. नळी आखूड झाली ना, त्याच्यानं जमून नाही राह्यलं." चांगला माणूस. पण मला त्यांचाही राग आला. आबांचा चेहरा असा खुलला, की बस! घरी येईपर्यंत गाडीत तेच. "पाह्य, मी काय म्हणत होतो? मास्तरबी तेच म्हणते."

सोजराआत्या तुला आठवत असेल. तीसुद्धा म्हणायची, कंदिलाची काच काळी पडली, बल्ब बारीक आहे, चष्मेवाल्यानं फसवलं. दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले काचबिंदू, गेलेली नजर परत येत नाही, आधी आणायला हवं होतं. आबा तिचे सख्खे भाऊ, आणि हे दुखणं रक्तातून येतं म्हणतात. मी डोळ्यांच्या दवाखान्याचं नाव काढलं तर ताट सारून उठले. "डोये ठीक आहेत माये. बंदूक ठीक कर." जोवर ती नळी आखूड आहे, तोवर ते दवाखान्याची पायरी चढणार नाहीत. मोतीबिंदू असेल तर बरंच आहे, काढता येईल. काचबिंदू असेल तर रोज थोडी थोडी नजर जातेय, आणि आम्ही इथे नळीवर भांडत बसलोय.

म्हणून ऐक. रुसवा तिकडेच ठेव आणि ये. त्याच बंदुकीची नवी, पूर्ण लांबीची नळी मिळव. कुठून, कशी, ते तू बघ, टूलरूमवाला आहेस ना? या वेळी आबांना विचार. अंगणात त्यांच्यासमोर बसव, त्यांचा हात लावून घे. मी बंदूक भरून देईन आणि तुळशीच्या पलीकडे पत्र्याचा डबा ठेवीन, लहानपणी आपल्यासाठी ते ठेवायचे तसा.

त्यांचा नेम चुकेल. आणि मग दोष द्यायला त्यांच्याकडे काही उरणार नाही. हे दुष्टपणाचं आहे, मला कळतं. माझ्या एकटीच्यानं होणार नाही. त्या क्षणी तू त्यांच्या शेजारी बसलेला हवास. काही बोलू नकोस, मी बरोबर होतो असं तर मुळीच म्हणू नकोस. नुसता बस. जालन्याला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायची गाडी मी सांगून ठेवते.

एवढं सगळं ठरवलंय खरं. पण तुळशीपलीकडे डबा ठेवताना मी मनात हेच म्हणणार आहे, वाजू दे रे देवा, एकदा तरी वाजू दे.

तुझ्यावर अजून रागावलेली, पण रोज बसच्या वेळेला फाट्याकडे बघणारी,
ताई