सोळा तारा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ५ जुलै २०२५

ती. सिद्धप्पामामांस,
दानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

काल घरी सोळा तारा आल्या! फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून हे कार्ड. नव्याने शिकणाऱ्यांची लायर हार्प मागवली होती, म्हणजे मांडीवर मावणारी छोटी वीणाच की. किल्लीने तारा जुळवायच्या, बोटाने छेडायच्या. पहिल्याच दिवशी भलतीच खुंटी पिळून एक तार तोडली, पण सोबत जादा होत्या.

श्रावणात ती तुमच्या मठात वाजवायची आहे आणि शेजारी तुम्ही गायलं पाहिजे. दिवाळीपासून तुम्ही भजन सोडलंत, ते मला मुळीच पटलेलं नाही. माया आहेच, ती तारेसारखी जरा अजून चढवा.

आपली भाची,
दानेश्वरी

दुधनी, ११ जुलै

चि. दानव्वास अ. उ. आशीर्वाद.

तुझं कार्ड मामीच्या हातात पडलं. तिला वाचता येत न्हाय, म्हणून शेजारच्या गुरुलिंगकडून वाचून घेतलं. पहिलीच ओळ ऐकून ती मटकन खाली बसली. आमच्या काळात एक तार आली तरी घरात रडारड व्हायची, हितं तर सोळा. तो पुढचं वाचेपर्यंत हिनं सोलापूरच्या गाडीची वेळ विचारली होती.

भजनाचं म्हणशील, तर मला सूरच ऐकू येत न्हाय. दिवाळीत पेटी एकीकडं आणि मी दुसरीकडं. पोरं तोंड फिरवून हसत होती. चाळीस वर्षं गायलो त्याच मठात आता हसं करून घेणार न्हाय. तू वाजव, मी बघत बसेन. रागावलीस तरी जेवायला ये.

तुझा मामा,
सिद्धप्पा

सोलापूर, १८ जुलै

ती. मामांस शि. सा. न.

मामा, लई मोठी गोष्ट सापडली. शेजारचे यंत्रमाग दिवसभर खडखडतात, त्यात माझी तार मलाच ऐकू येईना. वैतागून वीणेच्या लाकडावर हनुवटी टेकली आणि तार छेडली, तर सूर दातांतून थेट डोक्यात. कानांत कापूस कोंबून पाहिलं, तरी येतोच.

रविवारी, २७ तारखेला, घेऊन येते. सगळ्या तारा मोबाइलवर जुळवून आणीन. मला सोमवारी कामावर जायचंय, वीणा तुमच्याकडेच ठेवीन. एकदा टेकवून बघा, एवढंच मागते. मामींना सांगा, आता तार नाही, मीच येतेय.

दानेश्वरी

दुधनी, २९ जुलै

चि. दानव्वास खूप खूप आशीर्वाद.

तू होतीस तोवर मी वीणेला हात लावला न्हाय. न्हाय ऐकू आलं तर तुझं तोंड उतरेल, याचं भ्या वाटत होतं. तुला गाडीत बसवून आलो, दार लावलं आणि हनुवटी टेकली. पोरी, 'सा' आला. मी रडलो, मामीला सांगू नकोस.

काल श्रावणी सोमवार. मठात वीणा हनुवटीला धरून, तार छेडतच गायलो, पेटीच्या सुरात, शेवटपर्यंत. मामी म्हणते, लांबून मक्याचं कणीस खातोय असं दिसत होतं. दिसू दे की. वीणा इतक्यात परत मागू नकोस. लोभ हाय तो असाच सुरात ठेव.

तुझा मामा,
सिद्धप्पा

ता. क. सगळ्या तारा जुळवल्यास म्हणालीस, पण सातवी जरा उतरली होती. मला ऐकू आली.