किशोरदादा तुझी वाट बघतोय

मुरबाड, रविवार

आईस संघरत्नाचा प्रेमाचा जयभीम.

फोनवर मला रडू येतं, म्हणून लिहिते. मी बरी आहे. तुझी कंबर कशी आहे?

किशोरदादाने एचआयव्हीच्या गोळ्या मधेच सोडल्या, ते आता भोगतोय. त्याला कुशीवरही वळता येत नाय. मीच त्याला पुसते, भरवते.

काल दवाखान्याकडून भीमाबाई आल्या. अशा रोग्यांच्या घरी जाऊन त्या घरच्या माणसांना आधार देतात. त्यांनी आधी मलाच विचारलं, "तू जेवलीस का गो?" चार महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी रडले. मग त्या दादाजवळ बसल्या आणि मला झोपायला लावलं.

मी उठले तेव्हा दादाने विचारलं, "आई कधी येईल?"

मी म्हटलं, "भाताची लावणी उरकली की येईल."

बाहेर आल्यावर मी भीमाबाईंना तू का येत नाहीस ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला खोटं सांगू नको. थोडेच दिवस राहिलेत."

आई, तुला लोकांची भीती वाटते. आजाराचीही वाटत असेल. पण जवळ बसून, हात लावून तो होत नाय. मी रोज दादाचे केस विंचरते. पत्र मिळताच तू ये, आणि तू विंचर.

तुझीच,
संघरत्ना