तारा हे नाव कुणी टाकायचं

३ फेब्रुवारी २००३, सोमवार

वहीबाई, वळखलं का मला? न्हाई वळखलं. दिवाळीपासनं पेटीत पडून हायेस, तुझ्या काय ध्यानात ऱ्हाणार. मी गिताबाई. बोलते मी, लिहिती सून अनिता. मला अक्षर येत न्हाई आन् तुला बोलता येत न्हाई — बरी जोडी हाय.

अनिता इचारती, "आत्या, हे पण लिहू?" सगळं लिही. मधलं गाळलंस तर दुसऱ्याकडनं वाचून घेईन.

आज स्वराज जेवला न्हाई. स्वराज म्हंजी अनिताचा थोरला, माझा नातू. रांजणगावला कंपनीत पाळी करतो, आन् सुट्टीला बेंजो पार्टी वाजवतो. बेंजो, ढोल, हलगी, आन् एक लांबडं यंत्र — त्यात सनईपासनं रेल्वेच्या शिट्टीपर्यंत सगळं वाजतं. लग्नसराईत दौंडपासनं शिरूरपर्यंत ह्यांनाच बोलावणं. पार्टीचं नाव 'तारा'. आता पुण्याचा एक माणूस त्यांची सीडी काढणार हाय. तो म्हणला म्हणं, "या नावाची पार्टी आधीच आहे. परदेशात. तुमचं नाव बदला, मगच कव्हर छापतो."

मी इचारलं, "त्या परदेशवाल्यांनी तक्रार केली का?"

"न्हाई आज्जे. त्यांना आपण माहीतच न्हाई."

"मग भांडण कुणाचं हाय?"

तेच तर कळंना, म्हणला. आन् ताट सारलं.

५ फेब्रुवारी

स्वराज केडगाव ठेसनाजवळच्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन कागद काढून आला. एक शोधाय गेला तर तीन निघाल्या.

पैली आयर्लंडची. चार माणसं, एक बाई. हनुवटीखाली सारंगीसारखं काय तरी धरलंय. पाठीमागं टेकडी, आन् टेकडीवर मेंढरं! मी चष्मा मागितला. चांगली मेंढरं हायेत. तोंडं काळी, लोकर दाट, पाय आखूड. पावसात ऱ्हाणारी जात असणार. स्वराज म्हणला, "आज्जे, माणसांकडं बघ की." माणसं काय, कुठंबी असतात.

त्या टेकडीचं नाव तारा हाय म्हणं. तीवरनं पार्टीचं नाव.

दुसरी रशियाची. सगळे दाढीवाले, अंगावर कातडी. त्यांच्या गावात नदी हाय, तिचं नाव तारा.

तिसरी फिलिपिन्सची. तिकडं तारा म्हंजी 'चला'. पार्टीचं नाव 'चला'. म्हंजी ह्यांना कुणी "कोण रं तुम्ही?" इचारलं की हे म्हणणार "चला", आन् इचारणारा निघाला चालाय.

मला घेरी आल्यागत झालं. एकीची टेकडी, एकीची नदी, एकीचं चालणं, आन् आमची घोडी. व्हय, आमच्या पार्टीला आमच्या घोडीचं नाव हाय. मी इचारलं, ह्या चौघी एकमेकीच्या कोण? स्वराज म्हणला, कोणीच न्हाई. येणंजाणं? न्हाई. एक देवक? तो हसला. अनिताबी हसली, तिनं पेन खाली ठिवलं. देवक इचारलं तर हसायचं काय त्यात? एका नावाची माणसं म्हंजी कुठं तरी नातं असणारच. नसंल तर मग नाव आलं कुठनं?

६ फेब्रुवारी

आयर्लंडची मेंढरं उन्हाळ्यात कुठं चराय जातात, हे स्वराजला इचारायचं ऱ्हायलं.

९ फेब्रुवारी, रविवार

चार दिस डोक्यात तेच चाललंय. आता मला वाट दिसली.

आमच्यात रीत हाय. नवी सून आली, आन् घरात त्या नावाची बाई आधीच असली, तर नवीनं नाव टाकायचं. एका हाकेला दोघी ओ द्याय लागल्या तर घर चालायचं कसं? ताटात तांदूळ पसरतात आन् त्यात नवऱ्यानं नवं नाव काढायचं. आमच्या मालकांना कुठं अक्षर येत व्हतं? बोट त्यांचं, धरलं भटजीनं. दोघांनी मिळून 'गिता' काढलं. मी बघत व्हते. मला वाटलं, तांदळात किडा चालून गेला.

त्याच्या आधी मी तारा व्हते. घरात थोरली जाऊ ताराबाई. म्हणून मी गिता झाले.

इथं अनिता थांबली. "आत्या, तुमचं नाव तारा?"

व्हतं.

"इतक्या वर्षांत सांगितलं नाहीत."

कुणी इचारलं न्हाई. तू लिही.

पुढं दोन-तीन वर्षांनी मालक बाजारातनं घोडी घेऊन आले, संगं त्यांचा चुलतभाऊ दगडोबा. तवा आमी मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणाकडं उतरायचो, सगळं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर. दारात घोडी उभी ऱ्हायली आन् सासऱ्यांनी इचारलं, "नाव काय हिचं?"

मालक म्हणले, "तारा. नावासकट घेतलीय. जनावराचं नाव बदललं की ते अंगावर येतं."

थोरल्या जावेचं तोंड जे सुजलं, ते पावसाळा सरस्तोवर उतरलं न्हाई. दिराशी बोलंना. मी चुलीपुढं बसून हसले, मग फुकणीनं धूर काढला डोळ्यात आन् रडूनबी घेतलं. घोडीचं नाव बदलता येत न्हाई. बाईचं येतं.

आन् त्या घोडीचे लाड काय सांगू. चालताना सासरे पुढं, मालक घोडीपाशी, आमी बाया मागं. थोरल्या माणसांदेखत बायकोशी बोलायची तवा सोयच नव्हती. तर हा माणूस दिवसभर घोडीशी बोलायचा. "तारा, दमलीस का?" "तारा, ऊन लागतंय का? पुढं वड हाय, तिथं बसू." मी दरवेळी मान वर करायचे आन् परत खाली घालायचे. सवय मोडत न्हाई लवकर. मला कधी न्हाई इचारलं, दमलीस का. घोडीला इचारायचे. तिला गुळाची भाकर चारायचे. आधी मधोमध मोडायचे, अर्धी तिच्या तोंडाशी, अर्धी माझ्या हातात — "ताराची हाय ही. खाऊन टाक." घोडीच्या वाटची भाकर खाल्ली मी इतकी वर्षं. गोड लागायची, खोटं कशाला बोलू.

घोडी म्हातारी झाली तवा स्वराज तिच्या पाठीवर बसायचा. म्हणून त्यानं पार्टीला तिचं नाव दिलं. आता मालक न्हाईत, थोरली जाऊ न्हाई, घोडी न्हाई. नाव तेवढं ऱ्हायलंय, पार्टीतली पोरं घालतात त्या जाकिटांच्या पाठीवर.

मुद्दा असा. आयर्लंडवाली आधीची, आपली मागनं आली. मागनं आलेलीनं नाव टाकायचं. रीत ती रीत.

११ फेब्रुवारी

स्वराजला सांगितलं.

"आज्जे, मला वाटलं तू म्हणशील, टाकू नको. तू सांग पुण्याच्या माणसाला, म्हणशील. तुझ्या भरवशावर मी थांबलो होतो."

"मी टाकलं व्हतं की. मेले का?"

"तुझं नाव?" त्याला काय ठावं. मी बोलून गेले. अनितानं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं न्हाई.

तो म्हणला, "त्या तिघींनी कुठं बदललं? एकच नाव घेऊन वाजवतातच ना?"

तिघी एका नावानं नांदतात, आन् घर मोडत न्हाई. कसं काय? का त्यांच्यात सासूच न्हाई?

पण तोंडातनं शब्द गेला व्हता. म्हातारीनं शब्द फिरवला की पोरं दुसऱ्या दिशी ऐकत न्हाईत. नवं नाव ठरलं 'स्वराज आणि पार्टी'. पुढल्या आठवड्यात कव्हर छापाय जाणार. नाव ठरवताना पार्टीतलं एकबी पोरगं हसलं न्हाई.

१४ फेब्रुवारी

जाकिटं उसवाय घेतली. लाल जाकिटं, पाठीवर सोनेरी जरीनं काढलेलं नाव. अनिता म्हणली, मी करते. मी म्हणले, मला डोळे हायेत अजून.

सुईनं एकेक टाका उचलत गेले. इचारलं, "आता काय निघालं?"

"ता."

"आन् आता काढतीय ते?"

"रा."

"मग पुढं?"

"पुढं काही नाही आत्या. एवढंच आहे."

एवढंच. मला वाटलं व्हतं लांबलचक असंल. बोट फिरवून बघितलं. पैलं अक्षर जरा अवघड, दुसरं सोपं, वाकून बसलेल्या बाईगत. तांदळातलं बघितलं व्हतं. हे आज बघितलं, उसवताना.

एक जाकीट ऱ्हायलं. सुई बोथट झाली म्हणून. असं लिही, सुई बोथट झाली म्हणून.

१७ फेब्रुवारी

दगडोबा आले यवतहून. मालकांचा तोच चुलतभाऊ, घोडी आणाय गेलेला. आता लेकीकडं ऱ्हातात. तोंडात दात न्हाई पण आवाज तसाच. स्वराजच्या पार्टीतल्या ढोलवाल्यानं त्यांना नाव बदलल्याचं सांगितलं, तर काठी घेऊन थेट एस्टीत.

"वयनी, कुणी सांगितलं नाव पुसाय?"

"मीच."

"तुमी?" मटकन बसलेच. "तुमी सांगितलं?"

मी त्यांना टेकडी सांगितली, नदी सांगितली. रीत सांगितली. ते ऐकत ऱ्हायले आन् माझ्याकडं असं बघाय लागले जसं माझंच डोकं फिरलंय. च्या प्याले न्हाईत. म्हणले, "वयनी, तुमाला खरंच ठावं न्हाई?"

काय ठावं न्हाई? तर म्हणले, सकाळी बोलू, आता स्वराज हाय समोर. आन् मुक्काम केला. ह्या वयात पोरासमोर बोलाय लाजायसारखं काय असतं, देवाला ठावं. मला काय बी कळंनासं झालंय, वहीबाई.

१८ फेब्रुवारी

दगडोबा सकाळच्या एस्टीनं गेले. उंबऱ्यावर पायताण घालता घालता, माझ्याकडं न बघता बोलले, "घोडीचं नाव सोनी व्हतं वयनी. इकणाऱ्यानं तेच सांगितलं. नदी वलांडताना हौसराव तिला तारा म्हणाय लागला. मी म्हणलं, असं कशापायी? तर म्हणला, घरात एक नाव पडून हाय, वाया जातंय." (हौसराव हे मालकांचं नाव दगडोबांनी घेतलं आन् अनितानं लिहिलं. मी घेतलं न्हाई.)

म्हंजी दमलीस का. ऊन लागतंय का. पुढं वड हाय.

अनिता, डोळे पूस आन् लिही. स्वराजला म्हणावं पुण्याच्या माणसाला फोन लाव, नाव तेच ऱ्हाईल. तिघी नांदतात तिथं चौथीबी नांदंल. जाकिटं परत भराय घे, पैला टाका मी घालते. आन् आज बाजरीची भाकर मोठी थाप, गूळ आन् तूप लावून. मधोमध मोड. अर्धी यवतला दगडोबांकडं धाड, कुस्करून, दुधात भिजवून. अर्धी हितं ठिव.

ती ताराची हाय.