मासे तुझे, ताप माझा

प्रिय सरू,

काल बीडहून एक बाई तुला भेटायला आल्या. पडदा लावलेल्या बैलांच्या दमणीतून, लिंबागणेशला मुक्काम करून, हाडं खिळखिळी करून घेत आल्या. आता तूच सांग, तू नाहीस आणि पाहुणी तुझ्या दारात, तर मी काय बोलायचं? ही वेळ तू माझ्यावर आणलीस, म्हणून हे पत्र. गावात कुणाला सांगितलं तर हसतील. आईपाशी बोलायची सोय नाही, कारण ती तुझ्या बाजूला गेली आहे. हो, आई. तुझ्या बाजूला. बघ आता.

मराठी लिहायचा सराव राहिलेला नाही. कचेरीत सगळं उर्दूत चालतं. तेव्हा चुका काढत बसू नकोस.

हे सगळं सुरू तू केलंस. लोकांच्या सुना नांदायला येतात तेव्हा भांडी आणतात, लुगडी आणतात. तुझे वडील औरंगाबादला नवाबाच्या बागेचे दारोगा, म्हणून तू काय आणलंस? ओलं फडकं बांधलेला मातीचा डेरा, आणि त्यात लाल मासे. पैठणला नावेत बसताना माझ्या काकांनी भल्या मनाने तांब्याची घागर पुढे केली. "डेरा फुटंल पोरी, ह्यात घाल." नवी नवरी तू, मान खाली घालून म्हणालीस, "तांब्यात मरत्याल." आणि पाटोद्यापर्यंत डेरा मांडीवरून उतरवला नाहीस.

गाव बघायला लोटलं. शेजारच्या तात्याने विचारलं, "वयनी, कवा शिजवायचे?" तू हसलीस. मला मात्र तोंड लपवायला जागा उरली नाही. पुढे कित्येक वर्षं तो मला बाजारात गाठून हेच विचारायचा.

मग हौद. तुझ्या हट्टापायी परसात लिंबाजवळ हौद बांधला. चुन्याचा गिलावा झाला, वाळला, चकचकीत दिसायला लागला. मला वाटलं, सुटलो. पण कसलं? तू हौद भरायला लावलास. पाणी मुरू दिलंस. मग उपसायला लावलास. पुन्हा भर, पुन्हा उपस. मोट हाकून बैल दमले, मी दमलो. "हौद हाय का नवरी? कितींदा न्हाऊ घालायचं?" असं मी चिडून विचारलं, तर तू नुसतं म्हणालीस, "अजून न्हाई." एवढंच. का ते सांगितलं नाहीस. तुझी ही खोड मला शेवटपर्यंत कळली नाही. काम करून घ्यायचीस, कारण मात्र पदरात बांधून ठेवायचीस.

आईचं आणि तुझं तर विचारूच नकोस. "पाटोद्यात मानसाला पानी पुरंना आन हिच्या मासोळ्यांला रोज नवं पानी." आई हे माझ्याकडे तोंड करून बोलायची, पण ऐकवायची तुला. तू हौदाच्या काठावर बसून, रांजणातलं शिळं पाणी तांब्या-तांब्याने घालत बसायचीस. दोघींमध्ये मी. कुणाची बाजू घ्यायची, सांग ना?

आणि मग एका पावसाळ्यात ताप काय येतो, आणि तू काय जातेस. वैद्य आले, काढे झाले, लिंबागणेशच्या गणपतीला नवस झाला. तू तापात हौदाचं काहीतरी बडबडत होतीस, ते कुणाला नीट कळलं नाही.

तेराव्यापर्यंत घरात माणसांची रीघ. आलेला प्रत्येक जण हौदापाशी जायचा, "सरूची मासोळी" म्हणून डोळे पुसायचा आणि भाकरीचा तुकडा टाकायचा. कुणी भात टाकला, कुणी लाह्या, कुणी चक्क शिरा. नको कसं म्हणणार? दुःखात आलेली माणसं. पाणी गढूळ झालं, मग त्याला वास यायला लागला. सकाळी बघतो तर सगळे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत. भुकेले आहेत असं समजून मावशीने आणखी भाकरी टाकली.

मी विचार केला, पाणीच बदलून टाकू. पूर्ण हौद उपसला, विहिरीचं ताजं गार पाणी भरलं आणि मासे त्यात सोडले. संध्याकाळपर्यंत निम्मे उलटे तरंगत होते. तुझ्यावर इतका संतापलो मी त्या दिवशी. वाटलं, हिने मला शेतातल्या पेरणीपासून मीठ-मिरचीपर्यंत सगळं सांगितलं, आणि हे एवढं सांगायला हिला तोंड नव्हतं?

जे उरले, त्यांच्या अंगावर पुढे पांढरं कापसासारखं काही यायला लागलं. मी हात टेकले. म्हटलं, मरू दे, हौद बुजवून टाकतो आणि तिथे वांगी लावतो. तेव्हा आई ओसरीवरून उठली. आत गेली, पदरात खडेमीठ घेऊन आली. मातीच्या परातीत पाणी घेतलं, त्यात मीठ विरघळवलं आणि मला म्हणाली, "एकेक दे हिकडं. थोडा येळच ठिवायचं. आडवा व्हायला लागला की काढायचं."

"तुला कसं ठावं?" मी विचारलं.

"रोज तितंच बसून करायची ती. आंधळी हाय का मी?"

एवढं बोलून ती मासा हातात धरून बसली. जिने तुझ्या माशांना जन्मभर शिव्या दिल्या, ती. मला वाटलं, एका दिवसाचं असेल. कसलं! आता पोरं हौदाजवळ फिरकली तरी ती काठी घेऊन उठते. धुणं लांब नेऊन धुवायला लावते. रिठ्याचं पाणी तर परसात सांडायचं नाही, त्याने मासे मरतात म्हणे. चिमूटभर कणीक घालते, खाऊन संपते का ते बघते, उरली तर काढून टाकते. मी एकदा भाकरीचा चुरा टाकला, तर मला म्हणाली, "माशाला भूक न्हाई. तुला घालायची भूक हाय." हे बोलणं कुणाचं? तुझं. शब्दन् शब्द तुझा. मग तू होतीस तोवर दोघींनी माझं डोकं का खाल्लं?

असो. खरी भानगड पुढे आहे.

बीडचे एक मोठे अंमलदार फिरतीवर आले. त्यांचा तळ आमच्या आमराईत पडला. गावच्या विहिरीचा अर्ज त्यांच्यापुढे होता. ते चहाला घरी आले, परसात गेले आणि हौदापाशी थबकले. म्हणाले, "हमारी बेगम हैदराबाद की हैं. यहाँ दिल नहीं लगता उनका. मायके में ऐसेच मछल्यां थे." आणि मग अगदी अदबीने, "दो-चार मिल सकते क्या, पाटील?"

चावडीवर लगेच कुजबुज. "देऊन टाक की रं, विहीर मंजूर व्हईल." माझ्या कपाळावर आठ्या. विहिरीसाठी मासे द्यायचे? साहेबांच्याही कानावर ते गेलं असावं. सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "अर्जी अलग, मछली अलग. अर्जी पर दस्तखत हो गए. अब जी चाहे तो मछली दो, नहीं तो नक्को."

आता असं म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? आई आडवी आली. "सरूचं हाय ते. तुझं न्हाई." मी म्हटलं, "ती बाई बी लांबून नांदाया आलीया." आईने वाट सोडली. पण मग माझ्याशी बोलायचीच बंद झाली, नुसती भाकरी पुढे सरकवायची.

डेरा घेऊन मीच बीडला गेलो. मांडीवर, सरू. पाटलाच्या मांडीवर माशांचा डेरा. वाटेत तात्या भेटला. त्याने काय विचारलं असेल ते तुला सांगायला नको.

साहेबांच्या बंगल्यात हौद तयार होता. नवा कोरा, चुन्याचा गिलावा, वर गुलाबाच्या पाकळ्या. नोकरचाकर भोवती उभे. बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बेगमसाहिबा. मी पाण्यात हात घातला आणि बोटं बुळबुळीत लागली. चुना. तेव्हा कुठे मला तुझं ते भरणं आणि उपसणं कळलं. इतक्या वर्षांनी, परक्याच्या घरी, दहा माणसांसमोर.

"डालते क्यूँ नहीं?" साहेबांनी विचारलं.

"मर जाएंगे, हुजूर."

"हौद तो साफ है."

"साफ है, लेकिन चूना छोड़ रहा है. भरना, खाली करना, फिर भरना. बहुत दिन."

नोकर हसले. साहेबांचा चेहरा उतरला. मी मासे रांजणात ठेवले आणि बीडला पाहुण्यांकडे राहिलो. तूर शेतात उभी, आणि मी परक्याचा हौद उपसून घेतोय. कुणापायी? बोटाला बुळबुळ लागेनाशी झाली तेव्हा मासे सोडले. पडद्याआडून आवाज आला, "आपको ये सब कौन सिखाया?"

"बायकोनं," मी मराठीतच बोलून गेलो.

"तो लाओ ना उनको एक बार."

"वो घर छोड़ के आती नहीं," असं काहीतरी म्हणालो आणि निघालो.

झालं. त्या दिवसापासून बीडहून शिपाई यायला लागला. निरोप तुला. पाणी हिरवं होतंय, काय करायचं ते बाईंना विचारा. थंडीत मासे खात नाहीत, बाईंना विचारा. बगळा बसतो, बाईंना विचारा. मी सांगायचो, बाई म्हणतात हौदावर वेलीची सावली करा. बाई म्हणतात थंडीत खाणं कमी द्या. बाई म्हणतात वरून जाळी बांधा. अडलं की आईला विचारायचो, आणि ती तेवढ्यापुरती माझ्याशी बोलायची. एकदा गोगलगाईंचं विचारलं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी ठोकून दिलं, "बाई म्हणतात, राहू द्या." बरोबर होतं का ते? कोण सांगणार आता?

शिपाई गावात विचारत यायचा, "मछली के हकीम का घर किधर?" आणि लोक माझ्याकडे बोट दाखवायचे. हे मला तुझ्यामुळे मिळालेलं नाव.

आणि काल त्या स्वतः आल्या.

आईने त्यांना माजघरात बसवलं, गूळपाणी दिलं. मी दाराआड उभा. त्यांनी विचारलं, "कहाँ हैं?" आई माझ्याकडे बघायला लागली. मी "वो..." म्हणून सुरुवात केली.

"रहने दो, पाटील," त्या म्हणाल्या. "हमको कबसे मालूम है."

"कसं?" माझ्या तोंडून निघालं.

"इत्ते सवाल भेजे, इत्ते जवाब आए. ज़िंदा होतीं तो हमारे मछल्यां कैसे हैं करके एक बार तो पूछतीं."

खरंच होतं ते, सरू. इतके दिवस तुझ्या नावाने बोलत होतो. तुझं सगळं ज्ञान सांगितलं, आणि जे तू सगळ्यात आधी केलं असतंस, तेच मला सुचलं नाही.

पण त्यांना राग नव्हता. तुझी जागा बघायची होती, म्हणाल्या. आईने त्यांचा हात धरून हौदापाशी नेलं. त्या काठावर बसल्या. मग त्यांनी दमणीतून एक मडकं आणायला लावलं. त्यांच्या हौदात पिल्लं झाली होती, त्यातली थोडी तुझ्यासाठी आणली होती. मोठे मासे खाऊन टाकतात म्हणून वेगळी वाढवलेली.

आईने मडकं दाराशी आणलं, मी वाकून बघितलं. काळीसावळी पिल्लं. "लाल न्हाईत ही," मी म्हणालो.

"रंग बाद में आता," त्या म्हणाल्या. "हम भी डर गए थे."

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. तुलाही ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. आपल्या हौदात कधी पिल्लं टिकलीच नाहीत. आई लगेच म्हणाली, हौदात नको, रांजणात ठेव; रांजणाचं पाणी आणि मडक्याचं पाणी सारखं होऊ दे, मग सोड. बेगमसाहिबांनी मान डोलावली. दोघी एकमेकींची भाषा न समजता दुपारभर बोलत बसल्या. मी आपला दाराशी.

निघताना त्यांनी दमणीच्या पडद्याआडून विचारलं, "और पाटील, आप कैसे हैं?"

तू गेल्यापासून सगळ्यांनी मला विचारलं शेतीचं, आईचं, माशांचं. हे कुणी विचारलं नव्हतं. दमणी वळणाआड जाईपर्यंत मी मागे चालत राहिलो.

तर सरू, आता तुझ्या नावाने कुणाला काही सांगणार नाही. शब्द देतो. मला येतं ते माझं म्हणून सांगीन, येत नाही तिथे येत नाही म्हणीन, आणि समोरच्याची खुशाली आधी विचारीन. पिल्लांना रंग येईस्तोवर थांबेन. नाही आला, तरी ठेवीन.

तुझ्यावर अजून चिडलेला, तुझाच,
निवृत्ती
पाटोदा